उन्हाळा आणि केस : तुटणे वेगळे, गळणे वेगळे

होळी झाली की आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्याची चाहूल लागते आणि रामनवमी येईपर्यंत ऊन अंगाला चटके देऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे आपल्याला नवीन नाही. या दिवसांत उष्माघात, हगवण, घामोळे यांचे रुग्ण तर दवाखान्यात येतातच. पण त्यांच्या जोडीला एक तक्रार हमखास असते. "डॉक्टरसाहेब, उन्हाने केस गळायला लागले. तेल बदलून पाहिले, शांपू बदलून पाहिला, काही फरक नाही." तक्रार करणाऱ्यांत कॉलेजच्या मुली असतात, तशाच चाळिशीच्या गृहिणी असतात आणि लग्नाचे वय झालेले तरुणही असतात. अनेकांच्या पिशवीत कांद्याच्या तेलाची बाटली, केसांच्या गोळ्यांची डबी आणि मोबाइलवर पाहिलेल्या जाहिरातींची यादीच असते.

या सर्वांना मी औषध लिहून देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो. आपला केस तुटतो आहे की गळतो आहे? बहुतेकांनी हा विचार कधी केलेलाच नसतो. वाचकहो, उन्हाळ्यातील केसांच्या काळजीचे निम्मे रहस्य या एका प्रश्नात दडलेले आहे. म्हणून आज त्याचीच जरा सविस्तर माहिती घेऊ.

केस म्हणजे काय?

आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचे दोन भाग. एक त्वचेच्या आत असलेले मूळ आणि दुसरा बाहेर दिसणारा दांडा. मूळ जिवंत असते. त्याला रक्तपुरवठा असतो आणि तेथेच केस तयार होतो. बाहेरचा दांडा मात्र निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो; आपली नखेही त्याच प्रथिनाची असतात. म्हणूनच केस कापताना दुखत नाही.

दांड्यावर घराच्या कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची बारीक आवरणे असतात. ही कौले नीट बसलेली असली की केस मऊ व चमकदार दिसतो. ती उचकटली की केस राठ होतो, गुंततो आणि शेवटी तुटतो.

केसाचे आयुष्यही ठरलेले असते. एक केस २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे ३ महिने तो विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस उगवतो. त्यामुळे निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्यांचे केस लांब आहेत, त्यांना हेच केस कंगव्यात जास्त वाटतात, इतकेच.

घरच्या घरी करण्याची परीक्षा

कंगव्यात आलेले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेडात पाहा. केसाच्या एका टोकाला मोहरीहूनही लहान, पांढरट गाठ दिसली, तर तो केस मुळापासून गळलेला आहे. अशी गाठ नसेल, केस आखूड असेल आणि त्याचे टोक फाटलेले किंवा दुभंगलेले असेल, तर तो मधूनच तुटलेला आहे.

हा फरक का महत्त्वाचा? कारण उन्हाचा मार बसतो तो मुख्यतः दांड्यावर. मूळ कातडीच्या आत सुरक्षित असते. म्हणजे उन्हाळ्यात केस तुटत असतील, तर दोष ऊन, पाणी, कंगवा यांचा आहे आणि त्यावर घरचे उपाय पुरतात. पण केस मुळापासून मोठ्या प्रमाणात गळत असतील, तर कारण बहुधा शरीरात किंवा डोक्याच्या कातडीत असते. तेथे कितीही महागडे तेल चोळले तरी पैसा वाया जातो आणि खरा आजार तसाच राहतो.

तुटणाऱ्या केसांसाठी

उन्हातील अतिनील किरणे केसातील प्रथिने व रंगद्रव्य या दोन्हींवर परिणाम करतात. म्हणूनच उन्हात राबणाऱ्यांचे केस तांबूस व राठ होतात. यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे डोके झाकणे. शेतात जाणाऱ्यांचा दुपट्टा, आजोबांची पांढरी टोपी, आईचा पदर हे उगाच आलेले नाहीत. पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती कापड वापरावे. नायलॉनच्या स्कार्फमध्ये घाम कोंडतो. ज्यांचे केस विरळ झाले आहेत किंवा टक्कल आहे, त्यांनी तर टोपीशिवाय बाहेर पडूच नये. त्यांच्या कातडीला केसांचे छत्र उरलेले नसते. स्त्रियांनी भांगाच्या जागीही लक्ष द्यावे. तेथील उघडी कातडी उन्हाने भाजते.

मोटारसायकल चालवणाऱ्यांनी हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. हेल्मेटमुळे टक्कल पडते असे सांगून ते न घालणारे तरुण मला भेटतात. हेल्मेटने टक्कल पडत नाही. घामट अस्तराने डोक्याला खाज मात्र येते आणि ती अस्तर धुतल्याने जाते. डोके शाबूत राहिले तरच केसांची चिंता करता येईल!

दुसरा मुद्दा पाण्याचा. उन्हाळ्यात विहिरी आटतात, नळाला दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येते आणि मग बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते. ते क्षारयुक्त असते. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुतले, तर साबण व क्षार मिळून चिकट साका तयार होतो. तो केसांवर बसतो आणि केस दोरखंडासारखे होतात. म्हणून अंगाचा किंवा कपड्यांचा साबण केसांना लावू नये. सौम्य शांपू किंवा शिकेकाई-रिठ्याचे पाणी चालते. शिकेकाईची पूड थेट न चोळता उकळून, गाळून घ्यावी, म्हणजे तिचा रवा केसांत अडकत नाही. डोळ्यांत जाऊ नये म्हणून काळजी घ्यावी. गोडे पाणी थोडेच असेल, तर निदान शेवटचे दोन तांबे त्याचे घ्यावेत.

पाणीटंचाईत केस धुण्याची रीतही सांगून ठेवतो. चमचाभर शांपू आधी अर्धा तांब्या पाण्यात कालवावा. तो केवळ डोक्याच्या कातडीवर बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, चोळावा. लांब केसांच्या शेवटापर्यंत वेगळा शांपू लावण्याची गरज नसते. धुताना ओघळणारा फेस तेवढ्याला पुरतो. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा असे धुणे पुरेसे आहे. मधल्या दिवशी फार घाम आला, तर नुसत्या साध्या पाण्याने डोके धुवावे.

सुटीत विहिरीवर किंवा जलतरण तलावावर पोहायला जाणाऱ्या मुलांचे केस आधी साध्या पाण्याने भिजवावेत आणि थोडे खोबरेल लावावे. आधीच भिजलेला केस तलावातील क्लोरिनचे पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा साध्या पाण्याने डोके धुवावे.

तिसरी गोष्ट कंगव्याची. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो. न्हाऊन आल्याबरोबर पंचाने खसाखसा पुसणे आणि बारीक दातांचा कंगवा ओढणे यात केस तुटतात. पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, केस सावलीत वाळू द्यावेत आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करीत वर यावे. ओल्या केसांचा अंबाडा बांधून स्वयंपाकाला लागणे हीही सवय सोडावी. त्याने कातडी तासन्‌तास दमट राहते आणि वास येतो. वेणी फार आवळून घालू नये. वर्षानुवर्षे ताण बसला की कपाळाकडचे केस मागे हटतात आणि मग ते परत येणे कठीण असते.

तेल लावावे की नाही?

या प्रश्नावर घरोघरी सासूबाई आणि सूनबाई यांचे मतभेद असतात. दोघींचेही थोडे थोडे बरोबर आहे. खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. मुंबईतील एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. तीत हा गुण तिघांपैकी फक्त खोबरेलात दिसून आला. म्हणून न्हाण्यापूर्वी तासभर किंवा आदल्या रात्री केसांना खोबरेल लावणे चांगले.

पण तेल हे दांड्याचे रक्षण करते, मुळाला खाऊ घालत नाही. तेलाने नवे केस उगवतात हा समज चुकीचा आहे. उन्हाळ्यात तर तेल चोपडून चार दिवस न धुता राहिले, की त्यावर घाम व धूळ बसते आणि त्रासाला आमंत्रण मिळते. ज्यांना कोंडा आहे, त्यांनी कातडीवर तेल मुरवत ठेवू नये. ते फक्त केसांच्या लांबीला लावावे.

डोक्याच्या कातडीचे विकार

उन्हाळ्यात केसांपेक्षा कातडीचे विकार अधिक त्रास देतात. त्यांतील नेहमीचे चार पाहू.

पहिला कोंडा. कोंडा म्हणजे कातडी कोरडी पडली असे समजून लोक आणखी तेल लावतात. वस्तुतः कोंड्याला कारण होणारे सूक्ष्म किण्व तेलावरच जगते. केटोकोनाझोल २ टक्के असलेला शांपू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटे डोक्यावर ठेवून, असे ४ आठवडे केल्यास बहुतेकांना आराम पडतो. डोक्याला लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाचा रस व ऊन एकत्र आले की कपाळ-मानेवर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

दुसरा केसतूड. घाम व घर्षणाने केसाच्या मुळाशी जंतू शिरतात आणि पू धरतो. तो दाबून फोडू नये. गरम पाण्याच्या फडक्याने शेकावा. ताप आला, वारंवार केसतूड होऊ लागले किंवा एकाच वेळी अनेक उठले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तातील साखरही तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी अशीच दिसते.

तिसरा गजकर्ण. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तेथील केस तुटले व खपल्या आल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. त्यावर नुसते मलम चालत नाही. केसाच्या मुळापर्यंत पोचण्यासाठी पोटातून औषध काही आठवडे द्यावे लागते. दुकानातून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज तात्पुरती थांबवतात आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. याउलट चट्टा गुळगुळीत असेल, खपली नसेल, तर ती चाई असू शकते. तिचा उपचार निराळा आहे. दोन्हींत चट्ट्यावर लसूण किंवा चुना घासू नये. कातडी भाजून जखम होते.

चौथा त्रास उवांचा. सुटीत मामाच्या गावी मुले एका ओळीत झोपतात आणि उवा या डोक्यावरून त्या डोक्यावर जातात. ऊ उडी मारत नाही, डोक्याला डोके लागूनच ती पसरते. परमेथ्रिन १ टक्का असलेले औषध १० मिनिटे लावून धुवावे आणि लिखांतून निघालेल्या नव्या उवांसाठी ९ दिवसांनी पुन्हा लावावे. औषध जमत नसेल, तर ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी बारीक फणी फिरवणे, असे दोन-तीन आठवडे करावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, नाहीतर उवांचा फेरा संपत नाही.

येथे माता-भगिनींना हात जोडून एक विनंती आहे. उवांसाठी रॉकेल, पेट्रोल किंवा कपाशीवर फवारायचे औषध मुलांच्या डोक्याला चुकूनही लावू नका. शेतीची कीटकनाशके कातडीतून रक्तात जातात. तोंडाला फेस, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. लावले गेले असेल, तर भरपूर पाण्याने व साबणाने डोके धुवून, कपडे बदलून, औषधाच्या डब्यासह रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

लग्नसराईतील धोके

उन्हाळा म्हणजे लग्नसराई. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो आणि त्यासाठी काही तास थांबावे लागते. अर्ध्या तासात काळेभोर केस करणारी 'काळी मेंदी' ही केवळ मेंदी नसते. तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायमिन हे रसायन असते. काहींना त्याची वावडी असते. डोके सुजते, डोळे मिटून जातात, पाणी गळू लागते. पूर्वी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढेही होणार नाही असे नसते. म्हणून प्रत्येक वेळी थोडा रंग कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नये. हीच पूड पोटात गेली तर जीवघेणे विष आहे. घसा सुजून श्वास कोंडतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पुड्या कडीकुलपात ठेवा.

ब्यूटी पार्लरमध्ये केस सरळ करून देणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. अशा उपचारानंतर काही स्त्रियांच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाल्याच्या नोंदी परदेशातील व भारतातील डॉक्टरांनी केल्या आहेत. क्रीमच्या डब्यावरील घटक वाचण्याचा आग्रह धरा. उपचारानंतर उलट्या, पोटदुखी, लघवी कमी होणे यांपैकी काही झाले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जा.

गळणाऱ्या केसांसाठी

आता मुळापासून गळणाऱ्या केसांकडे वळू. वर सांगितले, की केस गळण्यापूर्वी सुमारे ३ महिने विश्रांती घेतो. म्हणून आज गळणाऱ्या केसाचे कारण बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वी घडलेले असते. एप्रिलमध्ये केस गळू लागले, तर जानेवारी-फेब्रुवारीत काय झाले ते आठवा. टायफॉइड, डेंग्यू यांसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, घरातील मोठे दुःख, लग्नासाठी वजन घटवायला केलेली उपासमार, यांपैकी काहीतरी निघते. कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, ताप बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळत असलेले कितीतरी रुग्ण आम्ही डॉक्टरांनी पाहिले. अशी गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. बाळंतपणानंतर गेलेले केसही वर्षभरात बहुतेक भरून येतात. धीर धरणे हेच यातील मोठे औषध.

धीर धरूनही थांबत नसेल, तर रक्त तपासावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या, केस गळणाऱ्या भगिनींनाही मी आधी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहतो, डोके नंतर. फिकट पापणी, जिना चढताना लागणारी धाप, पाळीतील जास्त रक्तस्राव आणि गळणारे केस यांची सांगड अनेकदा लागते. शरीराकडे लोह कमी असले, की ते आधी हृदय-मेंदूची सोय पाहते. केसांचा नंबर शेवटचा. अशा वेळी पाचशे रुपयांच्या तेलापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे शहाणपणाचे. तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. थायरॉइडची तपासणीही करावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

उन्हाळ्यात भूक मंदावते आणि दुपारचे जेवण आमरस, सरबत किंवा कलिंगडावर भागते. पण केस प्रथिनांचा बनतो. जेवणात वरण, मटकी-मुगाची उसळ, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले, शेंगदाणे, ताक-दही, आणि चालत असेल त्यांना अंडी रोज असावीत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातील लोह अधिक शोषले जाते.

कारण शोधणे किती गरजेचे आहे याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात घडले. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक, काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. पहिला संशय शांपूवर व गावच्या खाऱ्या पाण्यावर गेला. पुढे रुग्णांच्या तपासणीत सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले आणि संशयाची सुई खाण्यातील गव्हाकडे वळली. हे गावकरी नुसते शांपू बदलत बसले असते, तर काय कळले असते?

मुलांचा गोटा करावा का?

सुटी लागली की मुलांचे डोके तुळतुळीत करण्याची पद्धत आहे. डोके हलके राहते, उवा जातात, घाम वाळतो, हे फायदे खरे आहेत. पण त्यामुळे केस दाट येतात हे खरे नाही. वस्तरा मुळापर्यंत पोचत नाही. नव्याने येणारे केस बोथट टोकाचे असल्याने हाताला जाड लागतात, एवढेच. गोटा केलाच, तर मुलाला टोपीशिवाय उन्हात सोडू नका. वस्तऱ्याचे पाते प्रत्येकाला नवे असावे, हा आग्रह नाभिकाकडे जरूर धरा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गळती तीन महिन्यांहून अधिक चालू राहिली, एका जागी चट्टा पडला, डोक्यात दुखरे फोड, पू किंवा खपल्या आल्या, भांग झपाट्याने रुंदावू लागला, किंवा केसांबरोबर थकवा, धाप, वजनात बदल, पाळीची अनियमितता असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. तरुणांच्या कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे हटणारे केस बहुधा आनुवंशिक असतात. त्यांचा उन्हाळ्याशी संबंध नाही. मात्र लवकर दाखवल्यास औषधांनी ती गती कमी करता येते.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात नवे तेल विकत घेण्यापूर्वी कंगव्यातील केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. तुटत असतील तर डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या, न्हाण्याआधी तेल लावा, ओला केस जपा. गळत असतील तर ताटाकडे पाहा, गेल्या तीन महिन्यांकडे पाहा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.